नांदूर शिंगोटे, ४ ऑक्टोबर १८५७ : लेफ्टनंट हेन्रीची आठवण ठेवायची का?

घाटवाट : संगमनेरहून सिन्नरकडे जाताना नांदूर शिंगोटे लागतं. पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री इथेच भागोजी नाईकांच्या भिल्लांशी लढताना पडला. भागोजी गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता माऱ्यात येईल अशी जागा धरून पन्नासेक माणसांनिशी बसले होते. हेन्रीकडे तीस शिपाई आणि तलवारी दिलेले वीस महसुली पट्टेवाले. पहिली गोळी त्याच्या अगदी मागच्या माणसाला लागली, तो ठार. हेन्री घोड्यावरून उतरून पुढे निघाला, जखमी झाला, तरी थांबला नाही; मग छातीत गोळी बसली. ड्यूटीवर मेलेल्या पोलिसाच्या नावाचा एक दगड तिथे असायला काय हरकत आहे?

सिन्नरी : हरकत आहे. ड्यूटी कुणाची? कंपनी सरकारची. सत्तावनच्या धामधुमीत हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला म्हणून भागोजी घर सोडून बाहेर पडले. दगडच लावायचा तर त्यांचा लावा.

जुनी_फाइल : भागोजी स्वतः नगरच्या पोलिसांत होते, हे दोघंही विसरताय. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपाखाली तुरुंगात गेले, सुटल्यावर सरकारने त्यांच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. हेन्रीने मामलेदारांमार्फत शरण येण्याचा निरोप धाडला, तर भागोजींचं उत्तर काय? दोन वर्षांचा थकलेला पगार द्या आणि पोटापाण्याची सोय करा, मग येतो.

सिन्नरी : बघा! पगार मागणाऱ्यावर चाल करून गेला तुमचा हुतात्मा.

घाटवाट : हुतात्मा मी म्हटलेलं नाही. पन्नास हत्यारबंद माणसं हमरस्ता धरून बसली तर आजचा एसपीसुद्धा स्वस्थ बसणार नाही. गोऱ्या साहेबाने शिपायांना पुढे ढकलून स्वतः मागे राहायचं, हा प्रकारही इथे नव्हता.

माळरान : मला त्या मागच्या माणसाचं पडलंय. गॅझेटिअरवाल्यांनी हेन्रीचं नाव लिहिलं, त्याचा असिस्टंट थॅचर लिहिला, सोबत आलेला टपाल खात्याचा टेलरसुद्धा लिहिला. सगळ्यात आधी मेला तो नुसता ‘एक माणूस’. इथल्याच कुठल्यातरी गावचा असेल. तो देशद्रोही की ड्यूटीवर मेलेला? सिन्नरी, उत्तर द्या.

सिन्नरी : पोटासाठी नोकरी करणारा होता. त्याच्यावर माझा राग नाही.

माळरान : मग हेन्री काय हौसेने आला होता? तोही पगारीच.

सिन्नरी : हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा एका मापाने मोजू नका. पुढे भिल्लांविरुद्ध कॅप्टन नटॉलच्या हाताखाली कोळ्यांची पलटण उभी केली. डोंगरातल्या माणसाला डोंगरातल्याच माणसावर घालायचं, ही त्यांची रीत. ११ नोव्हेंबर १८५९ ला मिठसागरला फ्रँक सूटरने भागोजींना गाठून मारलं, आणि तो पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला. बक्षीस कुणाला मिळालं ते दिसतंच आहे.

जुनी_फाइल : दिल्लीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकावर १९४७ पासूनचीच नावं आहेत, त्यामुळे सरकारी यादीत यातलं कुणीच बसत नाही. गावानेच ठरवायचं. मी म्हणेन एकच फलक : तारीख, भागोजींची मागणी, हेन्री आणि तो शिपाई.

माळरान : शिपाई वर, साहेब खाली.

सिन्नरी : शिपायाचा लावा, वर्गणी देतो. हेन्रीचं नाव आलं तर माझ्याकडून दमडी नाही.