मृत्युपत्रावरील सही वडिलांची वाटत नाही. तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी काय जमवावे?

कृष्णाकाठ
नमस्कार. माझे वडील सेवानिवृत्त शिक्षक होते. २०१६ पासून त्यांना कंपवात होता आणि २०२१ मध्ये ते वारले. वारसनोंदीसाठी अर्ज केला तेव्हा चुलतभावाने हरकत घेऊन ऑगस्ट २०२० चे एक मृत्युपत्र पुढे केले, ज्यात सगळी शेतजमीन त्याच्या नावे लिहिलेली आहे. ते नोंदणीकृत नाही; त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. २०२२ पासून दिवाणी दावा चालू असून पुरावा अजून सुरू व्हायचा आहे.

वडील मराठीत सही करीत. आद्याक्षरे सुटी, आडनाव सलग आणि शेवटी वरची रेघ एका फटक्यात. मृत्युपत्राच्या झेरॉक्सवर ही रेघ दोन ठिकाणी तुटलेली दिसते, अक्षरे मात्र पूर्वीसारखीच मोठी आणि ठसठशीत आहेत. माझ्याकडे २००४ च्या खरेदीखतावरील सही आहे. एवढ्यावर अहवाल देण्यास एक खासगी हस्ताक्षरतज्ज्ञ तयार आहेत. तो घ्यावा का?

जुनी_शाई
मी बरीच वर्षे दस्तऐवज परीक्षणाचे काम केले आहे. माझे मत विचाराल तर या साहित्यावर अहवाल घेऊ नये, आणि जो तज्ज्ञ एवढ्यावर ठाम मत देतो त्याच्याविषयी थोडी शंकाच बाळगावी.

पहिली अडचण झेरॉक्सची. पेन कोठे टेकले, कोठे उचलले, दाब कोठे वाढला, एखादी रेघ नंतर गिरवून दुरुस्त केली आहे का, हे सारे मूळ कागदावर भिंगाखाली आणि तिरप्या प्रकाशात दिसते. झेरॉक्समध्ये त्यातले बहुतेक हरवते. आपल्याला जी रेघ तुटलेली वाटते ती मुळात फिकट उमटलेली असू शकेल.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. कंपवातात अक्षर नुसते थरथरत नाही, ते लहान होत जाते, आणि ओळ पुढे सरकेल तसे आणखी आक्रसते. त्यामुळे २०२० च्या सहीची तुलना २००४ च्या सहीशी करून काहीच सिद्ध होत नाही. २०१८ ते २०२१ या काळातील, निर्विवाद आणि मूळ स्वरूपातील निदान दहा-बारा सह्या हव्यात. त्या सगळ्या लहान आणि आक्रसलेल्या निघाल्या आणि मृत्युपत्रावरचीच तेवढी मोठी, तर आपल्या शंकेला आधार मिळेल. थरथरीतही भेद असतो. आजारी हाताची रेघ वेडीवाकडी असली तरी तिचा ओघ सहसा टिकून असतो. पाहून काढलेल्या सहीत रेघ सावकाश ओढलेली, सुरुवात-शेवट बोथट आणि पेन नको तेथे थांबलेले आढळते. तरीही अंथरुणावर बसून, हाताखाली आधार नसताना केलेली खरी सहीसुद्धा विचित्र दिसते, हे विसरू नये.

नमुने निर्विवाद हवेत असे म्हणतो त्यामागे मोठा धडा आहे. १९८३ मध्ये जर्मनीतील 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून ज्या रोजनिशा छापायला घेतल्या, त्यांचे हस्ताक्षर तज्ज्ञांनी अस्सल ठरवले होते, कारण तुलनेसाठी दिलेल्या कागदांतले काही त्याच बनावटकाराच्या हातचे होते. पुढे कागदाच्या तपासणीत युद्धानंतरची द्रव्ये सापडली तेव्हा बिंग फुटले.

रोखपाल_निवृत्त
वडील निवृत्तिवेतनधारक होते, म्हणजे नमुने बँकेत असणार. दर नोव्हेंबरला दिलेला हयातीचा दाखला पाहा (तो डिजिटल दिला नसेल तर). वर्षाला एक, तारखेसह, आणि दाव्याचा विचारही कोणाच्या मनात नसताना केलेली सही. पैसे काढण्याच्या स्लिपाही मागवा, परंतु जुनी व्हाउचरे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. म्हणून ती जपून ठेवण्याविषयी शाखेला आजच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आणखी एक, हात चालेनासा झालेल्या खातेदाराचा आम्ही अंगठा घेत असू. २०२० मध्ये वडील बँकेत सही करीत होते की अंगठा लावीत होते?

वकील_सातारकर
आपला दावा १ जुलै २०२४ पूर्वीचा असल्याने नवा भारतीय साक्ष्य अधिनियम नव्हे, १८७२ चा पुरावा कायदाच लागू राहील. कलम ४५ खाली तज्ज्ञाचे मत आणि कलम ४७ खाली ती सही नेहमी पाहणाऱ्याचे मत ग्राह्य धरता येते. आई किंवा शाळेतील सहकारी साक्ष देऊ शकतील. कलम ७३ खाली न्यायालय स्वतःही सह्या ताडून पाहू शकते, मात्र केवळ स्वतःच्या नजरेवर विसंबू नये असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. मूळ मृत्युपत्र तपासणीस पाठवण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ खाली अर्ज करावा.

मुख्य मुद्दा असा की मृत्युपत्र सिद्ध करण्याचा भार चुलतभावावर आहे. निदान एका साक्षीदाराला त्याला पिंजऱ्यात उभे करावे लागेल, आणि पत्नी-मुलांना वगळल्यासारख्या संशयास्पद परिस्थितीचा खुलासाही त्यालाच करावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या वेंकटचल अय्यंगार निकालापासून हे तत्त्व चालत आले आहे. त्या साक्षीदाराची उलटतपासणी तज्ज्ञाच्या अहवालापेक्षा अधिक कामाची ठरू शकते.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. आईला विचारले; २०१९ च्या दिवाळीनंतर बँकेत अंगठाच लावत होते असे ती म्हणते. मग तर सहीचा प्रश्नच मिटला ना?

वकील_सातारकर
नाही. बँकेत अंगठा लावणारा माणूस घरी एखादे दिवशी सही करू शकतो, आणि समोरचा वकील नेमके तेच म्हणेल. अंगठ्याच्या नोंदी आणि त्या काळातील डॉक्टरांचे कागद आधी हाती येऊ द्या, मग तज्ज्ञ निवडू.