अ‍ॅम्बॅसेडर मार्क 2 : चेपलेले पुढचे मडगार्ड बदलावे की सरळ करावे?

प्रश्न (खानापूर)

नमस्कार. आमच्या घरी 1972 सालची अ‍ॅम्बॅसेडर आहे. वडिलांनी ती शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने धुतली-पुसली, त्यामुळे तिचा मूळ पत्रा शक्य तोवर राखावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. गेल्या आठवड्यात अंगणात गाडी वळवताना डावीकडचे पुढचे मडगार्ड चिऱ्याच्या गडग्यावर आपटले. हेडलाइटच्या मागे वीतभर लांबीची घडी पडली असून तिच्या दोन्ही बाजूंना पत्रा उचलला गेला आहे आणि चाकावरची कड आत गेल्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर घासतो. एका गॅरेजमध्ये आतून ठोकून वर लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरून दोन दिवसांत गाडी देतो असे सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी भंगारातले मडगार्ड बसवण्याचा सल्ला मिळाला. रंग घडीच्या रेषेवर तडकला आहे, मात्र पत्रा कुठेही फाटलेला नाही. काय करावे?

उत्तर (शहापूर, बेळगाव)

पत्रा फाटलेला नाही, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण शेवटी लिहिली आहे. असे मडगार्ड टाकून देऊ नये. डेंटिंगच्या कामात माझी 35 वर्षे गेली, त्या अनुभवावरून लिहितो.

या गाडीचे पुढचे मडगार्ड बोल्टवर बसवलेले असते, म्हणून ते उतरवूनच काम करावे. बोल्ट गंजलेले असणार. दोन दिवस आधीपासून त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडत राहावे आणि घाईने पाना मारून डोकी तोडू नयेत. बॅटरीची तार आधी काढावी. दरवाजा व बॉनेटलगतच्या फटी उतरवण्यापूर्वीच मोजून लिहून ठेवाव्यात आणि कोणत्या बोल्टखाली किती पॅकिंग (फट जुळवणाऱ्या चकत्या) निघाले याचीही नोंद करावी, कारण मडगार्ड पुन्हा बसवताना हाच कागद उपयोगी पडतो.

आता मुख्य मुद्दा. मार लागल्यावर पत्र्यात आधी खोलगा पडतो आणि नंतर त्याच्या कडेला उंचवटे उठतात, म्हणजे शेतातल्या सरी-वरंब्यासारखा प्रकार होतो. बहुतेक जण आतून सरीवरच जोरात ठोकतात आणि तिथेच पत्रा ताणला जातो. वास्तविक खोलगा अडकून राहतो तो वरंब्यांमुळे. म्हणून जे शेवटी उठले ते आधी बसवावे : आतून खोलग्याला डॉलीचा (हातात धरायच्या लोखंडी ठोकळ्याचा) भक्कम दाब द्यावा आणि बाहेरून हलक्या हातोडीने शेजारच्या वरंब्यावर, त्याच्या टोकाकडून मध्याकडे येत, टकटक करावी. हातोडी डॉलीच्या बरोबर वर पडू देऊ नये. वरंबा बसेल तसा खोलगा आपोआप वर येतो. तो येताना डॉली धरलेल्या हाताला कळतो. चाकावरची कड मात्र लाकडी ठोकळा लावून थोडी थोडी बाहेर काढावी.

शेवटी पत्रा कुठे डबडब वाजत राहिला, तर तो ताणला गेला आहे असे समजावे. त्या जागी नाण्याहून लहान ठिपका गॅसने लाल करून भोवती हलके ठोकावे व ओले फडके लावावे. निवताना पत्रा आकसतो. त्याआधी आतील बाजूचे डांबर खरवडून काढणे अत्यावश्यक आहे, अन्यथा ते पेट घेते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

उत्तर (निपाणी)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. लांबी वाईट नसते, तिचा थर वाईट असतो. तो 3 मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. लांबी ओल शोषते आणि खानापूरच्या पावसात उघडी राहिली तर तिच्याखाली गंज धरून एक-दोन वर्षांत फुगवटा येतो. मृग तोंडावर आहे, म्हणून पत्र्याचे काम आणि इपॉक्सी प्रायमर (ओल अडवणारे अस्तर) एवढेच आत्ता उरकून रंग दिवाळीनंतर द्यावा. दमट हवेत जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारल्यास त्यावर पांढरी झाक येते. साध्या सरफेसरवर (रंगाआधी पृष्ठभाग गुळगुळीत करणाऱ्या थरावर) गाडी ठेवू नये. त्यातून पाणी झिरपते.

उत्तर (चिक्कोडी)

एक जोड. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, परंतु चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नवीन नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि तशी नोंद झाल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. फायबरचे मडगार्ड कोणी सुचवले, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

प्रश्नकर्ता (खानापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज मडगार्ड उतरवले. दरवाज्यालगतच्या दोन बोल्टखाली पत्र्याच्या चकत्या निघाल्या; त्यांची जागा लिहून ठेवली आहे. हेडलाइटच्या भांड्यामागे मूठभर वाळलेला चिखल साचला होता आणि तो काढल्यावर नखाएवढे एक भोक दिसले. हा गंज जुना आहे, धडकेचा नाही. याला आधी हात घालावा की घडीला?

उत्तर (शहापूर, बेळगाव)

आधी घडी. भोकाला जोड लावून मग ठोकल्यास वेल्डिंगचा टाका तडकतो. आकार जमल्यावर मडगार्ड एकदा गाडीवर बसवून फटी आपल्या कागदाशी ताडून पाहाव्यात, पुन्हा उतरवावे, गंज चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून काढावा आणि त्याच जाडीचा तुकडा कडेला कड लावून जोडावा. टाके एका ओळीत सलग न घालता आलटूनपालटून घालावेत, म्हणजे पत्रा तापून वाकणार नाही.