अबँडन झालेला (सोडून दिला असं धरलेला) अमेरिकी पेटंट अर्ज: शुल्क भरून रिव्हाइव्ह (पुन्हा जिवंत) करायचा की नोटीसच खोडून काढायची?

मुदतपाळ: नॉन-फायनल ऑफिस अ‍ॅक्शनला (पेटंट कार्यालयाच्या, अजून अंतिम नसलेल्या आक्षेपपत्राला) उत्तर गेलं नाही, कायद्याचे 6 महिने उलटले, अबँडनमेंटची नोटीस आली. वाद कशाला घालायचा? नियम 1.137 ची (अर्ज रिव्हाइव्ह करा अशी) पिटिशन टाका. राहिलेलं उत्तर सोबत जोडा, शुल्क भरा (2 वर्षांच्या आत 2,260 डॉलर, स्मॉल एंटिटीला, म्हणजे छोट्या अर्जदाराला, 904) आणि 'संपूर्ण विलंब अनवधानाने झाला' असं लिहून द्या. 'अपरिहार्य विलंब' सिद्ध करायची कटकट 2013 मध्येच संपली.

दावेलेखक: अ‍ॅक्शन पोचलीच नसेल तर मुळात अबँडनमेंटच चूक आहे. मग पैसे का भरायचे? नियम 1.181 ची (अबँडनमेंटच मागे घ्या अशी) पिटिशन फुकट आहे. त्यात डॉकेट (मुदतींची नोंदवही) कसं ठेवलं जातं ते लिहा आणि त्या मुदतीच्या तारखेच्या नोंदींची प्रत लावा, म्हणजे ही फाइल तिथे नव्हती हे दिसेल. नुसतं 'मिळाली नाही' लिहिलं की फेटाळतात. शिवाय 1.137 ने गेलात तर कार्यालयाच्या विलंबापोटी पेटंटला मिळणाऱ्या मुदतवाढीतले दिवस कापले जातात, ते वेगळंच.

मुदतपाळ: कागदी टपालापुरतं ठीक. ई-मेलने सूचना घेणाऱ्यांचा हा दावा फार लंगडा पडतो. फेटाळली तर मधले महिनेही विलंबातच धरणार.

दावेलेखक: म्हणूनच एकाच कागदात 1.181 मागायचं आणि 'ते अमान्य झाल्यास 1.137' असं जोडायचं. फक्त नोटिशीच्या तारखेपासून 2 महिन्यांच्या आत.

कलमबहाद्दर: दोघंही 'अनवधान' फार स्वस्तात काढताय. अर्जदाराने 'पैसे नाहीत, सोडून द्या' असं कळवलं असेल तर तो निर्णय झाला. पुढे गुंतवणूकदार मिळाला म्हणून तो अनवधान ठरत नाही. खोटं लिहून दिलंत, तर खटल्यात समोरचा वकील हेच विधान काढतो आणि अख्खं पेटंट अंमलात आणण्याजोगं राहत नाही. 2 वर्षं उलटली असतील तर शुल्क 3,000 डॉलर, वर विलंबाचा खुलासाही.

मुदतपाळ: हे मान्य. आणि अ‍ॅक्शन फायनल असेल तर नुसता युक्तिवाद जोडून भागत नाही. आरसीई (तपासणी पुढे चालू ठेवण्याची विनंती), अपिलाची नोटीस, कंटिन्युएशन (जुन्या अर्जाला जोडून टाकलेला पुढचा अर्ज) किंवा अर्ज मंजुरीयोग्य करणारी दुरुस्ती, यातलं काहीतरी लागतंच.

कलमबहाद्दर: नवा अर्ज टाकू म्हणणाऱ्यांनी आधी जुना प्रकाशित झालाय का ते बघावं. प्रकाशनाला वर्ष उलटलं असेल तर तुमचाच जुना अर्ज तुमच्याविरुद्ध पूर्वकला (शोध आधीच जाहीर असल्याचा पुरावा) म्हणून उभा राहतो.