उशीवाला लिंडेल
अमेरिकेतला उशी-उद्योजक माइक लिंडेल म्हणजे नुसता वेडा माणूस, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कोकेनच्या व्यसनात रुतलेल्या या मिनेसोटाच्या माणसाने फोमचे तुकडे हाताने फाडून, पुन्हापुन्हा भरून ती उशी जमवली. २००९ मध्ये व्यसन सोडलं आणि २०११ च्या टीव्ही जाहिरातीने मायपिलो ही आपली उशी घरोघरी नेली. ही जिद्द खरीच आहे, आणि म्हणूनच पुढचं बघताना जीव तुटतो.

अमेरिकेची २०२० ची अध्यक्षीय निवडणूक ट्रम्प यांच्याकडून चोरली गेली, हे त्याने मनात धरलं ते धरलंच. मोठ्या दुकानांनी त्याचा माल काढून टाकला, मतदान यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने त्याच्यावर १.३ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. २०२१ मध्ये त्याने 'निवडणूक चोरल्याचा माझा डेटा खोटा ठरवा, ५० लाख डॉलर घ्या' म्हणून पैज लावली. एका तज्ज्ञाने तो डेटा निवडणुकीचा नाहीच, हे दाखवलं. लवादाने पैसे द्यायला सांगितलं, पण २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. कारण? लवादाने लावलेला पैजेच्या अटींचा अर्थ न्यायालयाला पटला नाही. डेटा खरा ठरला म्हणून नव्हे! हा फरक त्याचे समर्थक गाळतात.

त्याच वर्षी डेन्व्हरच्या ज्यूरीने लिंडेलने डॉमिनियनच्या एका माजी अधिकाऱ्याची बदनामी केल्याबद्दल २३ लाख डॉलर भरपाई ठरवली. त्या अधिकाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. मला राग येतो तो याचा.