मदत हवी आहे : बंड्याचा ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट जमत नाहीये

नमस्कार मंडळी, ठाण्यात राहते. आमचा बंड्या १२ वर्षांचा झालाय, गावठी कुत्राच, तपकिरी, सोसायटीच्या गेटपाशी पावसात भिजताना सापडलेला. आता तोंड सगळं पांढरं झालंय, भुवयासुद्धा, आणि तो हिंडताफिरता आहे तोवर त्याचा एक चांगला ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून भिंतीवर लावायचाय. रंगीत फोटोत ते पांढरे केस कुणाच्या लक्षातच येत नाहीत, लाल पट्टा आणि हिरव्या गवताकडेच नजर जाते.

तीन रविवार झाले, गर्दी व्हायच्या आत उपवन तलावावर जातेय. कॅमेरा कॅनन १५०० डी, लेन्स ५० एमएम १.८. पहिल्यांदा गवतावर बसवला, रंगात मस्त दिसत होता, ब्लॅक अँड व्हाइट केला तर अंग आणि गवत एकाच करड्या रंगाचं, नुसते डोळे आणि नाक उठून दिसतायत. मग सगळे सांगतात तसं काठावर पोटावर झोपून त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला आले, मागे पाणी, तर पलीकडच्या काठाची काळी रेघ बरोब्बर त्याच्या कानांतून आरपार! ब्लर असली तरी रेघ ती रेघच. आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, १.८ वर ठेवलं की डोळा शार्प येतो पण नाक धूसर, पांढरे केस नेमके तिथेच आहेत हो. जीभ तर सतत बाहेर. त्याला बसवू कुठे आणि मी बसू कुठे, कुणी नीट सांगेल का? एडिटिंग मोबाइलवर लाइटरूममध्ये करते.

प्रतिसाद :

ताई, आधी रेघेचं. लांबचा काठ साधारण तुमच्या लेन्सच्याच उंचीला दिसतो, म्हणून तुम्ही त्याच्या डोळ्यांपाशी आलात की रेघ डोक्यातूनच जाणार. जिथे पायऱ्या असतील तिथे त्याला एक पायरी खाली बसवा नाहीतर तुम्ही गुडघ्यांवर या, रेघ कानांच्या वर सरकेल आणि डोकं पूर्ण पाण्यावर येईल, डोळ्यांची लेव्हल थोडी सुटली तरी चालते. पाणी उजळ असेल तर कॅमेरा बंड्याला काळवंडून टाकतो, एक्स्पोजर प्लस १ करून बघा. नाकही शार्प यावं म्हणून अॅपर्चर ४ ठेवा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.

गवतावर काढलेले फोटो डिलीट करू नका. लाइटरूमच्या ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये प्रत्येक रंग किती उजळ किंवा गडद दिसावा त्याचे स्लायडर असतात. गवत दिसतं हिरवं पण तिथे बरंचसं पिवळ्यात येतं, पिवळा आणि हिरवा स्लायडर खाली, नारिंगी जरा वर, अंग आपोआप सुटून येईल. फक्त फोटो रंगीत काढा, कॅमेऱ्यात मोनोक्रोम जेपेग केलं की त्यात रंगच उरत नाहीत, मग स्लायडर कशावर चालणार. आणि फेरी मारायच्या आधी काढा, फिरून आला की धापा टाकणारच. मोकळं आकाश त्याच्या समोर हवं, डोळ्यात आकाशाचा तो पांढरा ठिपका नसेल तर डोळा मेल्यासारखा दिसतो.

दादा, खूप खूप आभार. आज गेले होते, आभाळ भरलेलं, घरचे बाजूला साखळी धरून उभे. रेघ गेली, तोंड मिटलेलं, आणि हनुवटीखालचा एकेक पांढरा केस पाण्यावर वेगळा मोजता येतोय. पण डावा कान फ्रेमच्या कडेला कापला गेलाय, तेवढ्यासाठी पुढच्या रविवारी परत जाणार.