कल्ट, वळण आणि मैफलपट : रॉबिन हिचकॉकवर लिहिताना अडलेले शब्द

रॉबिन हिचकॉकच्या गाण्यांवर मराठीत एक लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्यात अडले. 'हिचकॉक हा इंग्लंडमधला कल्ट रॉक संगीतकार' असं लिहिलं खरं, पण तो 'कल्ट' काही केल्या जागेवर बसेना. शब्दकोशात 'पंथ' आहे. 'पंथीय संगीतकार' म्हटलं की गळ्यात माळ, कपाळाला बुक्का असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. या माणसाच्या गाण्यांत गांधीलमाश्या आहेत, बेडूक आहेत, डोक्याच्या जागी विजेचा दिवा असलेला माणूस आहे, एक जिवंत आणि एक मेलेली अशा दोन बायकांबरोबर संसार करणारा नवरा आहे. 'पंथ' ऐकून आलेला वाचक इथे गोंधळून जाईल.

ज्यांनी त्याला ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म १९५३, लंडन. १९७६ साली केंब्रिजमध्ये 'द सॉफ्ट बॉइज' हा बँड काढला. १९८० साली त्यांचा 'अंडरवॉटर मूनलाइट' हा अल्बम आला, फारसा खपला नाही, आणि पुढे बँड फुटला. १९८१ पासून तो स्वतःच्या नावावर अल्बम काढतोय.

आणखी दोन शब्द हवे आहेत. एक 'इन्फ्लुअन्स'साठी, कारण 'प्रभाव' हा शब्द मला फार सरकारी वाटतो. दुसरा 'कॉन्सर्ट फिल्म'साठी. जाणकारांनी मदत करावी.

०००

'पंथ'बद्दल सहमत. पंथ म्हणजे मूळची वाट. ज्याच्या मागून लोक त्या वाटेने जातात असा कुणीतरी पुढे असावा लागतो, आणि वाटेचे नियमही असतात. तुमच्या गायकाचे चाहते एकाच वाटेने जातात असं वाटत नाही.

मूळ लॅटिन शब्दाकडे गेलात तर वाट सापडेल. 'कल्ट', 'कल्चर' आणि 'अॅग्रिकल्चर' ही एकाच धातूची लेकरं. त्या धातूचा अर्थ जमीन कसणं, निगा राखणं, भजणं. म्हणजे कल्टमध्ये पुढाऱ्यापेक्षा निगा राखणारा महत्त्वाचा. मराठीत याच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द मला 'उपासना' वाटतो. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणं. जवळ जाऊन बसणं. रोज त्याच गाण्यापाशी जाऊन बसणारा तो उपासक.

०००

व्युत्पत्ती सुंदर आहे, पण वाक्यात घालून बघा: 'उपासकांचा रॉक संगीतकार'. उदबत्तीचा वास आलाच. व्युत्पत्ती बरोबर असली तरी वापराने शब्दाला जो रंग चढतो तो धुऊन काढता येत नाही.

माझं मत 'दर्दी'ला. 'दर्दी' शब्दात कळणं आहे आणि कळवळाही आहे. शिवाय दर्दी हा थोडकाच असतो. हजारोंच्या गर्दीला कुणी दर्दी म्हणत नाही.

हल्ली आपल्याकडे 'कल्ट' ज्या अर्थाने वापरतात त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. जो सिनेमा तुफान चालला, ज्याचे संवाद पोराटोरांना पाठ आहेत, तोही 'कल्ट'. अहो, त्याला 'गाजलेला' हा चांगला मराठी शब्द आहे! कल्टच्या अर्थात थोडकेपणा हवाच. याचं उदाहरण सॉफ्ट बॉइजच्याच घरात आहे. त्यांचा गिटारवादक किंबर्ली रू नंतर 'कॅट्रिना अँड द वेव्हज' या बँडमध्ये गेला. त्याने लिहिलेलं 'वॉकिंग ऑन सनशाइन' १९८५ मध्ये जगभर वाजलं आणि १९९७ साली त्याच्याच गाण्यावर त्या बँडने युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली. ते झालं गाजणं. 'अंडरवॉटर मूनलाइट'चं तसं झालं नाही. तो अल्बम हातोहाती फिरला, आणि ज्यांच्या हातात पडला त्यांतले काही स्वतः वाजवणारे निघाले. आरईएम या अमेरिकन बँडचा गिटारवादक पीटर बक त्यांतला. पुढे तो हिचकॉकच्याच बँडमध्ये गिटार वाजवायला उभा राहिला. हे झालं कल्ट. रू आणि हिचकॉक, एकाच अल्बमवर खांद्याला खांदा लावून वाजवलेल्या या दोघांची ही दोन टोकं आहेत, आणि मराठीत त्यांना एकच शब्द वापरणं अन्यायाचं आहे.

०००

+१. 'मोजक्यांचा लाडका' असंही म्हणता येईल.

०००

ताई, मी गिटार वाजवतो, म्हणून 'इन्फ्लुअन्स'वर लिहितो. शब्द तुमच्यासमोरच आहे: वळण.

आपण अक्षराचं वळण म्हणतो. मुलाला वळण लावतो. 'अगदी बापाच्या वळणावर गेलाय' असंही म्हणतो. एका शब्दाचे हे तीन वापर मला इन्फ्लुअन्सचे तीन थर वाटतात. 'प्रभाव'मध्ये एक जण पाडतो आणि दुसऱ्यावर पडतो, एवढंच. ज्याच्यावर पडला त्याने काय केलं ते त्या शब्दात येत नाही. वळणात घेणाऱ्याचा हात दिसतो.

आता हिचकॉककडे या. त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सिड बॅरेटचं नाव घेतो. बॅरेट म्हणजे पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा पहिला गायक आणि गीतकार. १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला, १९७० मध्ये दोन एकल अल्बम आले, आणि नंतर त्याने संगीतच सोडलं. तो केंब्रिजचा, जिथे 'सॉफ्ट बॉइज' सुरू झाला. हिचकॉकने बॅरेटकडून नेमकं काय घेतलं हे ऐकायचं असेल तर चाल बाजूला ठेवा आणि फक्त स्वर ऐका. सुरांतले नव्हे, उच्चारातले: अ, आ, ओ. साठच्या दशकात इंग्लंडमधला रॉक गायक माइकपुढे उभा राहिला की बहुधा अमेरिकन उच्चारांत गायचा, कारण ते संगीतच तिकडून आलेलं. बॅरेट स्वतःच्या बोलीतल्या उच्चारांत गायला. शब्द ओढायचा तो घरी बोलताना ओढतात तसा. हिचकॉकने तेच केलं, आणि अजून करतो. त्याचा 'आ' ऐकलात की हा माणूस दक्षिण इंग्लंडचा आहे हे पहिल्या ओळीत कळतं.

यातली गंमत अशी की हे घेणं म्हणजे दुसऱ्याचा आवाज घेणं नाही. 'तू तुझ्या आवाजात गा' एवढंच त्याने बॅरेटकडून उचललं. म्हणूनच याला 'नक्कल' म्हणता येत नाही आणि 'प्रभाव' म्हणून समाधान होत नाही. 'हिचकॉकच्या गाण्याला बॅरेटचं वळण आहे' असं लिहा. मराठी वाचकाला ते लगेच कळेल.

जिथे उघड अनुकरण आहे तिथे 'कित्ता गिरवणे' आहेच. हिचकॉकचा २००२ सालचा 'रॉबिन सिंग्ज' घ्या, सगळी अमेरिकन गायक बॉब डिलनची गाणी. त्यातल्या दुसऱ्या तबकडीवर त्याने डिलनच्या १९६६ च्या मैफलीचा विद्युत-गिटारवाला भाग ओळीने गायलाय. हा खरा कित्ता. जुन्या शाळेत वरच्या ओळीत गुरुजींचं अक्षर असायचं आणि खाली आपण तेच पुन्हा पुन्हा काढायचो, तसा.

०००

'वळण' छान, पण एक भर घालते. लहान वयात जे होतं त्याला 'संस्कार' म्हणावं. हिचकॉकचं २०२४ साली आलेलं आत्मकथन एकाच सालाभोवती आहे, १९६७. त्या वर्षी तो चौदा वर्षांचा झाला, विंचेस्टरच्या निवासी शाळेत होता, आणि डिलन, बीटल्स, हेंड्रिक्स हे सगळे त्याच्या कानांवर एकदम आदळत होते. पुस्तकाच्या उपशीर्षकातच तो सांगतो की आपण तिथे कसे पोचलो आणि तिथून कधीच का निघालो नाही. चौदाव्या वर्षी जे कानात गेलं ते सत्तरीपर्यंत गेलेलं नाही. एवढं खोल रुजलेलं सांगायला 'वळण' मला थोडं वरवरचं वाटतं. वळण बदलता येतं, संस्कार पुसता येत नाही.

०००

पण 'संस्कार' शब्दात करणारा वडीलधारा लागतो, नाही का? संस्कार 'करतात'. डिलनने हिचकॉकवर काही 'केलं' नाही. एका शाळकरी मुलाने ते आपण होऊन कानात साठवलं. वळण मात्र 'लागतं', आपोआपही. माझं मत 'वळण'लाच राहील.

०००

तुम्हा दोघांचंही पटलं. लेखात शाळेतल्या वयाबद्दल लिहिताना 'संस्कार' आणि गाण्यांबद्दल लिहिताना 'वळण' वापरेन. आता कॉन्सर्ट फिल्म. 'संगीत कार्यक्रमाचे चित्रीकरण' असं लिहिलं होतं, पण ते लग्नाच्या व्हिडिओसारखं वाटतं. जोनाथन डेमीने १९९८ साली हिचकॉकवर केलेल्या 'स्टोअरफ्रंट हिचकॉक'ला चित्रीकरण म्हणताना जीभ अडखळते.

०००

'मैफलपट'. बोलपट, मूकपट, लघुपट, चरित्रपट, माहितीपट, तसाच मैफलपट. नवा आहे पण ओळखीचा वाटेल. ज्याला 'चित्रपट' कळतो त्याला हा समजावून सांगावा लागणार नाही.

मात्र मैफलीचे प्रकार असतात, आणि डेमीच्या दोन मैफलपटांत तो फरक स्वच्छ दिसतो. 'स्टॉप मेकिंग सेन्स' हा १९८४ चा, टॉकिंग हेड्स या बँडचा. चित्रण हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात, डिसेंबर १९८३ मध्ये. सुरुवातीला रिकाम्या रंगमंचावर त्यांचा गायक डेव्हिड बर्न एकटाच गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन येतो. मग एकेका गाण्याला एकेक वादक येऊन मिळतो, मागून सामान ढकलत आणलं जातं, आणि बघता बघता मंच भरून जातो. याला मी 'जलसा' म्हणेन.

'स्टोअरफ्रंट' याच्या अगदी उलट. न्यूयॉर्कमधलं एक रिकामं दुकान. हिचकॉक दुकानाच्या दर्शनी काचेकडे पाठ करून उभा, हातात गिटार. काचेपलीकडे रस्ता चालू आहे. माणसं जाताहेत, कुणी थबकून आत डोकावतं, कुणी बघतही नाही. गाणं चालू असताना माझी नजर त्याच्या खांद्यावरून त्या काचेकडे जायची आणि परत त्याच्या चेहऱ्यावर यायची. गायक आपल्यासाठी गातोय आणि त्याच्या पाठीमागच्या शहराला त्याचा पत्ता नाही. मधूनच व्हायोलिन येतं, दुसरी गिटार येते, मागची मांडणी बदलते. बाकी बराच वेळ तो एकटा. ही शुद्ध 'बैठक' आहे. 'कल्ट'चा अर्थ कुणाला दाखवायचा असेल तर मी त्या काचेकडे बोट दाखवेन.

आणि हे बघा: अरबीतला 'जलसा' बसण्यावरूनच आलाय, आपली 'बैठक'ही बसण्यावरूनच. दोन्ही शब्द मूळचे बसलेले. वापरात मात्र जलसा उठून उभा राहिला, लोकांत गेला, मोठा झाला. बैठक खोलीतच राहिली. लावणीत आपण बैठकीची आणि फडाची असा भेद करतोच, तोच इथे लागू करता येईल.

०००

वर कुणी 'उपासना' म्हणजे जवळ बसणं असं म्हणालं होतं. तीही शेवटी बैठकच निघाली की!

०००

हो, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आनंद झाला.

०००

एक शब्द राहिला. दोन गाण्यांच्या मध्ये हिचकॉक जे बोलतो ते. त्याच्या मैफलीचा अर्धा जीव त्यात आहे. गिटार जुळवता जुळवता तो बोलायला लागतो, वाक्य कुठे जाणार ते त्यालाही ठाऊक नसावं असं वाटतं, आणि शेवटी भलत्याच जागी पोचून तिथूनच गाणं सुरू करतो. 'निवेदन' म्हणवत नाही. कीर्तनातलं 'निरूपण' कसं वाटतं?

०००

निरूपण अर्थ उलगडून सांगतं. हिचकॉकच्या बोलण्याने गाण्याचा अर्थ उलगडत नाही, उलट आणखी एक दार उघडतं. मला तमाशातली 'बतावणी' आठवते, पण तिला समोर दुसरं माणूस लागतं, सवालजवाब लागतो. शिवाय रोजच्या बोलण्यात 'बतावणी' म्हणजे सोंग, खोटं भासवणं. हा माणूस सोंग करत नाही. त्याला जग खरंच तसं दिसतं, अशी माझी खात्री आहे. सरळ 'गाण्यांमधलं बोलणं' लिहा. प्रत्येक गोष्टीला एकशब्दी नाव लागतंच असं नाही.

०००

जाता जाता 'बूटलेग'साठी 'चोरटी प्रत' सुचवतो. वर डिलनच्या १९६६ च्या मैफलीचा उल्लेख आलाय. तिची चोरटी प्रत वर्षानुवर्षं लंडनच्या 'रॉयल अल्बर्ट हॉल'ची म्हणून फिरत होती. ती मैफल प्रत्यक्षात १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेली. १९९८ मध्ये अधिकृत अल्बम निघाला तेव्हाही ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवावं लागलं, इतकं ते लोकांच्या तोंडी बसलं होतं. रूढ झालेला शब्द चुकीचा असला तरी हलत नाही, हे शब्दांवर वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. म्हणून 'कल्ट'ला घालवायचा हट्ट धरू नका. शीर्षकात तो राहू द्या, अर्थ पहिल्या परिच्छेदात द्या.

०००

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला परिच्छेद असा झालाय:

'रॉबिन हिचकॉक हा मोजक्या दर्द्यांचा गायक. त्याच्या गाण्याला सिड बॅरेटचं वळण आहे आणि डिलनचा कित्ता त्याने उघडपणे गिरवलाय. त्याला पहिल्यांदा ऐकायचं असेल तर 'स्टोअरफ्रंट हिचकॉक' या मैफलपटापासून सुरुवात करा, आणि गाणं ऐकता ऐकता त्याच्या पाठीमागच्या काचेकडेही लक्ष असू द्या.'

०००

उत्तम. फक्त 'दर्द्यांचा' नको, 'दर्दींचा' करा. 'धोबी'चं 'धोब्यांचा' होतं, पण 'हत्ती'चं 'हत्तींचा', 'आरोपी'चं 'आरोपींचा'. 'दर्दी' या दुसऱ्या घरातला. 'दर्द्यांचा' वाचताना 'दर्या' डोळ्यांपुढे येतो.

०००

केलं. 'दर्दींचा'.