घरातल्या जावेवर लादण्यापेक्षा परदेशातली सरोगसी बरी

तापीकाठची, भुसावळ

पैसे न घेता केलेली सरोगसी (दुसऱ्याचं मूल आपल्या पोटात वाढवून देणं) तेवढी सोज्वळ आणि पैसे देऊन केली की पाप, असं आपल्या कायद्याने ठरवून टाकलंय. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

२०२१ चा सरोगसी कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. सरोगेट बाई २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच. तिला दवाखान्याचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा मिळतो, बस. मोबदला दिलात की गुन्हा. आता मला सांगा, नऊ महिने पोट वाढवून, सिझर करून घेऊन बाळ दुसऱ्याच्या हातात द्यायला फुकटात कोण परकी बाई येणार आहे? मग नजर घरातच फिरते.

माझी मावसबहीण रावेर तालुक्यात दिलेली. बाळंतपणात बाळ गेलं आणि पिशवीही काढावी लागली. वर्षभराने सासूबाईंनीच धाकट्या सुनेचं नाव काढलं. वय सत्तावीस, पदरात एक मुलगा, कायद्यात अगदी चपखल बसणारी. मी त्या दिवशी तिथेच होते. अंगणात पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजणं चाललं होतं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." नंतर वांग्यांची सालं काढताना खाली मान घालून माझ्या बहिणीला म्हणाली, "ताई, मला अजून एक माझं हवं होतं. पण नाही म्हटलं तर या घरात राहू कशी?" तिच्या बोटांना काळं लागलेलं, त्याच हाताने डोळे पुसले, गालभर काजळी.

बहिणीने तिथल्या तिथे तो विषय बंद केला. दाजींनी दोन एकर केळीची जमीन विकली आणि दोघं जॉर्जियाला, तिबिलिसीला गेले. तिथे १९९७ पासून कायद्याने परवानगी आहे. करार होतो, बाईला मोबदला मिळतो, जन्मदाखल्यावर थेट आईबापाची नावं लागतात. मुलगी झाली. श्रावणात कानबाईच्या सणाला तिला गावी आणलं, तर अर्धं गाव तोंडावर विचारतंय, "कितला पैसा लागना?" आणि उरलेलं पाठीमागे म्हणतंय, विकत आणली.

माझं मत सरळ आहे. पैसे घेऊन, करार करून हो म्हणणारी अनोळखी बाई आपल्या घरातल्या दबलेल्या सुनेपेक्षा जास्त मोकळी आहे. ज्यांना हे चुकीचं वाटतं त्यांनी कारण सांगा.

सातपुड्याची नर्स, धडगाव

ताई, जावेचं जे लिहिलंत ते शंभर टक्के खरं. अशा बायका मी रोज बघते. पण तिला वाचवायला दुसऱ्या देशातली बाई शोधली, हे काही गळी उतरत नाही.

आमच्याकडची एक बाई नवऱ्याबरोबर सुरतेला साड्यांच्या कामाला गेली होती. २०१२ साली तिथल्याच ओळखीतून गुजरातमध्ये सरोगेट झाली, परदेशी जोडप्यासाठी. तेव्हा आपल्याकडे सगळं खुलं होतं. करार इंग्रजीत, खाली हिचा अंगठा. नऊ महिने इतर बायकांबरोबर एका वसतिगृहात ठेवली, स्वतःचं चार वर्षांचं पोरगं आजीकडे. जुळी झाली. पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू, घरावर स्लॅब पडला. पण टाक्यांत पू झाला तेव्हा ती इथे गावात होती आणि ड्रेसिंग मी करत होते. तिकडून कोणाचा फोन नाही. कोणाचं काय अडलं होतं? मूल तर मिळालं होतं.

असल्या प्रकारांनीच आपण २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांना दार बंद केलं. त्याच वर्षी थायलंडने आणि नेपाळनेही केलं, पुढच्या वर्षी कंबोडियाने. दुकान बंद नाही झालं, पुढच्या गरीब देशात हललं. कालपर्यंत आपण विकणारे होतो, आज रावेरची जमीन विकून घेणारे झालो, एवढाच फरक.

तुमच्या बहिणीला त्या बाईचं नाव तरी माहीत आहे का?

तापीकाठची

माहीत आहे. दोन मुलांची आई आहे, घटस्फोटित. दुभाष्या घेऊन व्हिडिओ कॉल व्हायचे. पैसे टप्प्याटप्प्याने तिच्या खात्यात गेले, त्यातून तिने घराचं कर्ज फेडलं. बाळाचा फोटो पाठवत जा म्हणाली, बहीण पाठवते. शेवटच्या कॉलवर ती हसत होती. मी स्वतः पाहिलंय.

सातपुड्याची नर्स

पैसे देणाऱ्यासमोर हसत होती ना. तुमच्या बहिणीची जाऊपण सगळ्यांसमोर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणालीच होती. तिचं खरं तुम्हाला कळलं, कारण तुम्ही त्या अंगणात होतात. तिबिलिसीच्या स्वयंपाकघरात कोण होतं?

शहादेकर

नर्सताईंना +१. धागा इथेच संपला खरं तर.

केळीचा घड, सावदा

काही संपला नाही. पोटासाठी कोण राबत नाही? आमच्याकडे केळीचे घड वाहणाऱ्या मजुराच्या पाठीची वाट लागते, त्याला कोणी 'शोषण, बंद करा' म्हणत नाही. त्याची मजुरी वाढवा म्हणतात. बाईच्या बाबतीतच सगळ्यांना एकदम नैतिकता आठवते. बंदीपेक्षा विमा, वकील, तिच्या भाषेत करार आणि बाळंतपणानंतरही उपचार, हे सक्तीचं करा. इथेच केलं असतं तर दाजींना जमीन विकून विमान पकडावं लागलं नसतं.

सातपुड्याची नर्स

भाऊ, घड खाली ठेवून मजूर संध्याकाळी घरी जातो. बाकी मागण्या मान्य. फक्त त्या २०१२ मध्येही कागदावर होत्या म्हणे.

मुक्काम धुळे (वकील)

बाजू कोणाचीही घेत नाही, पण कोणी मनात बेत करत असेल तर चार गोष्टी ऐकून ठेवा.

मूल परदेशात जन्मलं की ते आपोआप भारतीय होत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार जन्मापासून एक वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात नोंदणी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. आईबाप कोण हा प्रश्न डीएनए चाचणीपर्यंत जाऊ शकतो. तोपर्यंत हॉटेलात बाळ घेऊन बसा. अमेरिकेत तर बाळ जन्मतःच तिथलं नागरिक, तिथली भानगड वेगळी.

अडकण्याची उदाहरणं कमी नाहीत. २००८ मध्ये एका जपानी जोडप्याचं बाळ गुजरातमध्ये जन्मलं, पण जन्माआधीच दोघांचा घटस्फोट झालेला. ते बाळ कोणाचं, कोणत्या देशाचं, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पोर काही महिने भारतातच राहिलं. मे २०२० मध्ये लॉकडाउनमुळे कीव्हच्या एका हॉटेलात चाळीसहून जास्त बाळं ओळीने पाळण्यात, आईबाप आपापल्या देशात. व्हिडिओ जगभर फिरला होता.

शिवाय कायदे रातोरात बदलतात. इटलीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या नागरिकांनी परदेशात जाऊन केलेली सरोगसीसुद्धा गुन्हा ठरवली. आपल्याकडे आज तसं नाही. उद्याचं मी सांगू शकत नाही.

नाना चोपडेकर

मी म्हनस इतला खटाटोप कशाले? अनाथाश्रममा पोरं काय कमी शेतस? एक पोरगं घरमा आना, पुण्य लागी.

अमळनेरची मास्तरीण

नाना, रागावू नका, पण हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. दत्तक म्हणजे बाजारात जाऊन मेथीची जुडी आणणं नाही. आम्ही नोंदणी केली तेव्हा मी ४२, हे ४४. बेरीज ८६. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं तर जोडप्याच्या वयाची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, त्यामुळे आम्हाला दोन ते चार वयाचं मूल मिळू शकतं. हरकत नाही, आम्ही तयार आहोत. पण वर्षानुवर्षं रांगेत आहोत. दर महिन्याला पोर्टल उघडायचं, क्रमांक बघायचा, बंद करायचं.

आणि गंमत बघा. दत्तक घेणार म्हटल्यावर ज्या नणंदेने "कोणाचं रक्त कोण जाणे" म्हणून नाक मुरडलं, तीच आता सरोगसी करणाऱ्यांना "दत्तक घ्यायचं होतं" म्हणते. घरोघरी डोहाळजेवणाला मला बोलावत नाहीत, ओटी भरायला दुसरी बाई शोधतात. त्यामुळे तापीकाठच्या ताईंच्या बहिणीने जमीन का विकली ते मला कोणी समजावून सांगायला नको. तरीपण माझा कौल नर्सताईंकडे. माझं दुःख कितीही मोठं असलं तरी ते तिकडच्या बाईने का फेडावं?

केळीचा घड

फुकट फेडायला कोणी सांगितलंय? तिने किंमत लावली, समोरच्याने दिली.

जळगावकर १९

एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. परदेशी जाणारे सगळेच गर्भाशय नाही म्हणून जात नाहीत. आमच्या नात्यातल्या एका बड्या असामीला दोन मुली आहेत. एजंटने सरळ सांगितलं, "तिकडे मुलगा निवडता येतो." अमेरिकेत चालतं म्हणे, आणि खरंच चालतं. इथे १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा आहे, सरोगसी कायद्यातही धडधाकट मूल असलेल्या जोडप्याला परवानगी नाही. दोन्ही कायदे एकाच तिकिटात ओलांडले. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. लग्नाला पोरी मिळत नाहीत म्हणून बाहेरून आणणारे आपणच, आणि बाहेरून मुलगा आणणारेही आपणच.

तापीकाठची

तुमचा मुद्दा रास्त आहे, पण त्या माणसाच्या पापाचं बिल माझ्या बहिणीच्या नावावर फाडू नका. तिने मुलगा की मुलगी हे विचारलंही नव्हतं.

नर्सताई, तुमच्या स्वयंपाकघराच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तिथे मी नव्हते. पण मग इथल्या जावेचं काय? सरकारी अधिकाऱ्यांसमोर ती सासूला बाहेर बसवून "माझी पूर्ण राजीखुशी आहे" म्हणणारच होती. कागद स्वच्छ, पैसा शून्य, कायदा खूश. तुम्ही परदेशाचं दार बंद करायला सांगता, ते बंद झालं की उरतं तेवढंच दार. तेही बंद करा म्हणायची तुमची तयारी आहे का?

सातपुड्याची नर्स

आहे. नात्यातली सरोगसीसुद्धा नको, असंच माझं मत आहे. कठोर वाटेल. मास्तरीणबाईंची रांग लहान करायला सरकारने जोर लावावा, त्यात माझी सही पहिली.

तापीकाठची

मग पिशवी गेलेल्या बाईला तुम्ही फक्त रांग दाखवताय. माझं मत तेच राहील.

फैजपूरचा पाहुणा

चर्चेत मध्येच घुसतो, माफ करा. माझ्या मोठ्या भावाला एका एजंटने पंचेचाळीस लाखांत "बाळाची हमी" दिली आहे. देश कोणता ते आगाऊ पैसे भरल्यावर सांगणार. वकीलसाहेब, हे बरोबर आहे का?

मुक्काम धुळे (वकील)

देश न सांगता पैसे मागतो तिथेच उठा. कायदा देशाप्रमाणे बदलतो, देशच माहीत नाही तर तपासणार काय? हमी कोणतंही क्लिनिक देऊ शकत नाही, भ्रूण टिकेलच असं नसतं. तरी बोलायचंच असेल तर लेखी विचारा: गर्भ राहिला नाही तर पैशांचं काय, बाळ आजारी किंवा अपंग जन्मलं तर काय, आणि त्या बाईच्या जिवाला काही झालं तर विमा कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा, कोणाच्या नावावर. त्या देशातला वकील भावाने स्वतः नेमावा, एजंटने दिलेला नको.

फैजपूरचा पाहुणा

शेवटचा प्रश्न भावाने फोनवर विचारला होता. एजंट म्हणाला, बाईचं सगळं क्लिनिक बघतं, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

सातपुड्याची नर्स

म्हणजे लेखी काही नाही. सही करू देऊ नका.

तापीकाठची

इथे मी नर्सताईंच्या बाजूने. भावाला माझ्या बहिणीचा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिच्याकडे कराराचा नमुना आहे. त्या बाईच्या विम्याचं पान त्यात तिसरं आहे.